चार नंबरचा भरलेला वाफा

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. कामावर सगळे तिला मोजणीबाई म्हणत, घरी ती वहिनी होती, आणि नवरा होता तोवर तो नुसतं ‘अगं’ म्हणायचा. वय बावन्न. गुडघे त्याहून थोरले, कारण स्ट्रॉबेरीचं झाड जेमतेम वीतभर उंच असतं आणि एकोणीस वर्षं ती त्याच उंचीवर राहिली होती.

सेंद्रिय फळबागायतदारांच्या संघाचं हे प्रयोगक्षेत्र एका उतारावर होतं. एक पत्र्याची शेड, एक ऑफिस, खताचे चार ढीग आणि अठ्ठावीस गादीवाफे. सात वाण, प्रत्येकाचे चार वाफे, वाफ्यात साठ रोपं. रासायनिक खत नाही, औषध नाही. सगळ्यांना सारखं कंपोस्ट, सारखं पाणी, सारखं गवताचं आच्छादन. मग बघायचं, कोण किती फळतं, किती गोड निघतं, किती कुजतं आणि कोण मरतं. वाणांना नावं होती, पण ती डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद. वाफ्यावर फक्त नंबरची पत्र्याची पाटी. नाव कळलं की मोजणाऱ्याचा हात कुणाच्या तरी बाजूने झुकतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. हे डॉक्टर झाडांचे. माणसांना ते ताप आला तरी ‘झोपा’ एवढंच सांगत.

मोजणीबाईचा हात झुकत नव्हता, पण तिची मतं होती. एक नंबर दिसायला देखणा, चवीला पाणी. त्याला ती पाहुणा म्हणायची. आला तेवढा वेळ गोड बोलणार, कामाला शून्य. दोन नंबरचं फळ बोथट आणि टणक, गाडीत दोन दिवस राहिलं तरी हूं की चूं नाही. तीन नंबरच्या वासाने शेड भरून जायची, पण नुसतं बोट लागलं की फळ काळं पडायचं. सहा नंबर म्हणजे करड्या बुरशीचं माहेर. आणि चार नंबर टोकदार, गर्द, आतपर्यंत लाल, आणि गोडी मोजायच्या नळीत बघावं तर बाकीच्यांपेक्षा दोन रेघा वर.

“चार नंबर तुमचा लाडका,” खतमामा म्हणायचा. हा खताचे ढीग सांभाळणारा, तिच्याहून चार वर्षांनी मोठा आणि तोंडाने चाळीस वर्षांनी लहान.

“लाडका कसला. काम करतो म्हणून बरा वाटतो. तुमच्यासारखा ढिगाला टेकून उभा राहत नाही.”

“ढीग पडू नये म्हणून टेकतो, बाई.”

तोडणी दर सोमवारी आणि गुरुवारी. प्रत्येक वाफ्याचं फळ वेगळ्या टोपलीत, चांगलं वेगळं, कुजकं वेगळं, वजन, मग वहीत आकडा. तिचे आकडे गोल आणि सुटे असत. डॉक्टर नव्या लोकांना ती वही दाखवत. महिन्यातून एकदा रोपं मोजायची आणि ‘मर’ या रकान्यात मेलेल्या रोपांची संख्या लिहायची.

चूक झाली ती इथे. आणि ती आळसाने झाली नाही. ती चांगल्या हाताने झाली.

मोजणीबाई लग्न होऊन आली ते बागायतदाराच्या घरात. सासूने तिला पहिल्या वर्षी स्वयंपाक शिकवला नाही, नांग्या भरायला शिकवलं. ओळीत रोप मेलं की तिथे नांगी पडते, मोकळी जागा. स्ट्रॉबेरीला लांब दोरीसारखे रनर फुटतात आणि त्यांच्या टोकाला बाळरोप असतं. शेजारच्या झाडाचा रनर वळवायचा, मोकळ्या जागी आणायचा, तारेच्या आकड्याने मातीला टाचायचा. तीन आठवड्यांत मूळ धरतं. मग दोरी कापायची. “वाफ्यात नांगी दिसली की बाईचं घर कळतं,” सासू म्हणायची. तीस वर्षांपूर्वीचं ते शिक्षण तिच्या हातात इतकं मुरलं होतं की मेलेलं रोप उपटणं आणि रनर टाचणं ही तिला दोन कामं वाटतच नव्हती. नाक शिंकरून रुमाल खिशात ठेवावा, तसं.

शेतात हा गुण. प्रयोगात हे पाप. प्रयोगात नांगी म्हणजे आकडा असतो. रोप मेलं, ही बातमी त्या रिकाम्या जागेतच असते. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना वाटलं, हे सांगायची गोष्ट नाही. त्यांनी कधी वाफा भरला नव्हता, ते वाफे बघत. महिनाअखेरीला ती मोजायला बसायची तेव्हा साठच्या साठ रोपं उभी असत. ती लिहायची, मर शून्य. तिच्या दृष्टीने ते खरं होतं.

“बाईंच्या वाफ्यांना एकही दात पडलेला नाही,” डॉक्टर पाहुण्यांना सांगत. ती पदराने हात पुसत राही.

तीन वर्षांनी अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा. सेंद्रिय पद्धतीसाठी सातांपैकी एकच वाण शिफारस केलेला, चार नंबर. उत्पादनात दुसरा, गोडीत पहिला, मर शून्य. मागच्या पानावर बारीक अक्षरात ‘नोंदी’ असं लिहून तिचं नाव होतं, आद्याक्षर चुकलेलं. तिने ते पान जावेला दाखवलं. जावेने दिराला दाखवलं. दीर त्या वर्षी जुनं रोप काढून नवं लावायच्या विचारात होताच.

“वहिनी, तुम्ही सांगा. टाकू का चार नंबर?”

“टाका भाऊजी,” ती म्हणाली. “मी मोजलाय.”

दिराची जमीन घरामागच्या उतारावर, एक एकर. नवरा गेल्यावर मोजणीबाईने आपला हिस्सा त्यालाच कसायला दिला होता. ती वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची, दीर-जाऊ खाली. सहा वर्षांपूर्वी दिराने औषधं बंद केली. पहिली तीन वर्षं मातीची तपासणी होत राहिली आणि माणसाच्या सहनशीलतेचीही, कारण बुरशीने निम्मं फळ नेलं तरी फवारा उचलायचा नाही. चौथ्या वर्षी सेंद्रियचं प्रमाणपत्र मिळालं. ते त्याने काच लावून भिंतीवर टांगलं, वडिलांच्या फोटोशेजारी, आणि जाऊ म्हणाली, सासरे जरा उजवीकडे सरका. संघाच्या रोपवाटिकेतून आणलेल्या चार नंबरच्या मातृरोपांपासून त्याने अठरा हजार रोपं केली.

दुसऱ्या हंगामात, शेवटचा बहर भरायच्या ऐन वेळी, खालच्या टोकाची रोपं मलूल झाली.

सोमवारी ती कामावरून आल्यावर दिराने तिला बोलावलं. आठवडाभर अवकाळी रिमझिम होती, माती चिकट झाली होती. खालच्या पाच ओळींत पानं निळसर करडी पडलेली, कडा आत वळलेल्या, फळं बोराएवढी होऊन थांबलेली.

“पाणी जास्त झालं म्हणावं तर वरच्या ओळींतही सुरू झालंय,” दीर म्हणाला. “माझं खत कच्चं राहिलं असणार. गरम होतं का बघितलं नव्हतं नीट.”

तिने एक रोप उपटलं. आडवी तंतुमुळं झडून गेली होती, नुसती जाड मुळं उरलेली, उंदराच्या शेपटीसारखी. तिने एक मूळ नखाने उभं चिरलं. बाहेरून पांढरं, आत मधोमध एक लाल रेघ, पेन्सिलीतल्या शिशासारखी. तिने दुसरं चिरलं. तिसरं.

“काय आहे?” दिराने विचारलं.

“बघते,” ती म्हणाली.

पण तिने ते आधी बघितलं होतं. प्रयोगाच्या पहिल्या वर्षी, चार नंबरच्या वाफ्यात. रोप उपटताना मूळ मोडलं होतं आणि आत लाल दिसलं होतं. तिला वाटलं होतं, फळ आतून लाल, मूळही आतून लाल, वाणाचाच रंग असेल. शेजारचा वाफा दोन नंबरचा होता. त्याचे रनर लांब आणि भरपूर. तिने ते ओढून टाचले होते.

वर जाऊन ती खाटेवर बसली आणि बोटांवर मोजायला लागली. एका वाफ्यात त्या वर्षी अकरा? पुढच्या वर्षी वीसच्या वर. एकदा तर पिशवीतले तारेचे आकडे संपले होते आणि तिने खतमामाकडून तार मागून घेतली होती. तिसऱ्या वर्षी चार नंबरच्या टोपलीत टोकदार फळांबरोबर बोथट फळं यायला लागली होती. तिने शेऱ्यात लिहिलं होतं, ‘आकारात फरक’. चार वाफे मिळून दोनशे चाळीस रोपं. त्यातली शेवटी चार नंबरची किती उरली होती, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. आणि जी उरली होती, रोग पोटात घेऊन तगली होती, त्यांचेच रनर रोपवाटिकेत गेले होते. तिथून दिराकडे. तिथून आणखी चौसष्ट जणांकडे.

मंगळवारी सकाळी ती डॉक्टरांच्या ऑफिसात गेली. चिरलेली मुळं तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, मूळ डोळ्यांजवळ धरलं आणि खूप वेळ खाली ठेवलं नाही.

“लाल गाभा,” ते म्हणाले. “कुठून आणलंत?”

तिने सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नांग्या म्हणजे काय, हे मात्र तिला दोनदा समजवावं लागलं.

“म्हणजे तुम्ही मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावत होतात? तीन वर्षं?”

“हो.”

“दुसऱ्या वाणाचं?”

“जो रनर पोचेल त्याचा.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“तुम्ही रोज बघत होतात, साहेब. तुमच्यासमोर टाचलेत मी.”

डॉक्टरांनी मूळ फडक्यावर ठेवलं, कारण ते खरं होतं. त्यांना आठवतही असावं. त्यांना वाटलं असेल, बाई काहीतरी नीटनेटकं करताहेत.

“यावर औषध?” तिने विचारलं.

“लागलेल्या रोपाला नाही. लगेच वरवर टवटवी येते, पंधरा दिवस टिकते. जंतू मातीत राहतो. दहा वर्षं, बाराही.” ते उठून खिडकीपाशी गेले. “शुक्रवारी समितीची बैठक आहे. मी तिथे मांडतो. तोवर बाहेर एक शब्द नको. अर्धवट बातमी फुटली तर लोक चांगली रोपंही उपटतील, आणि संघाचं काय होईल ते तुम्हाला कळतं.”

“माझ्या दिराच्या शेतातली मुळं आहेत ती.”

“तीन दिवसांचा प्रश्न आहे, बाई. एकोणीस वर्षं इथला एक आकडा तुम्ही बाहेर जाऊ दिला नाहीत.”

ते स्तुतीसारखं बोलले आणि तिने ते स्तुतीसारखं घेतलं. पुढे तिला स्वतःचा सर्वांत जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

तिचा एक हिशोब होता. दीर सोमवारी म्हणाला होता, शनिवारपर्यंत वाट बघतो, नाहीतर मग औषध ओततो. औषध ओतलं की प्रमाणपत्र गेलं, परत पहिल्या वर्षापासून सुरुवात. पण शुक्रवारी बैठक, शुक्रवारी संध्याकाळी ती सांगणार, शनिवार त्यानंतर. तीन दिवस गप्प बसायचं, बस्स. तिला वाटलं, दोन्हीकडचं राखता येईल.

बुधवारी संध्याकाळी दीर जिन्यातच भेटला. हातात रोपांची जुडी होती.

“वहिनी, खरं सांगा, माझ्या खतात चुकलं ना? तुमच्याकडे वाफ्यात एक रोप मेलं नाही. तेच रोप, तेच पाणी. मग फरक माझ्या हाताचाच.”

“हाताचं काही नसतं, भाऊजी.”

“मग कशाचं?”

“शनिवारपर्यंत थांबा. मी विचारलंय डॉक्टरांना.”

“काय म्हणाले?”

“बघतो म्हणाले.”

दिराने तिच्याकडे बघितलं. तिने जिन्याच्या कठड्याकडे बघितलं. त्यातला एक गज सुटला होता. “हा बसवून घ्यायला हवा,” ती म्हणाली. दीर हो म्हणाला आणि खाली गेला.

गुरुवारी तोडणी होती. ती उजाडताच निघाली आणि दिवे लागायच्या वेळी परत आली. खालच्या मोरीत जाऊ दिराचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवत होती. बादलीतून वास येत होता. सहा वर्षं त्या घरात तो वास नव्हता.

“आज?” मोजणीबाई म्हणाली.

“सकाळी, तुम्ही गेलात आणि लगेच. भाड्याचा पंप आजच मोकळा होता, उद्यापासून आठ दिवस दुसऱ्याकडे लागलाय. मला म्हणाले, रोपं तरी वाचतील, कागद परत मिळवता येतो.” जावेने नळ बंद केला. “जेवले नाहीत दिवसभर. भिंतीवरचं ते काढून ठेवलंय स्वतःच. तुम्ही जरा बोला ना त्यांच्याशी, ताई. तुमचं ऐकतात.”

दीर आतल्या खोलीत खुर्चीवर बसला होता, अंघोळ करून, केस ओले. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. नांग्या, रनर, शून्य, लाल रेघ. जाऊ दारात येऊन थांबली, हात पाण्याने निथळत. तिचं संपल्यावर त्याने विचारलं,

“मग औषधाने रोपं वाचणार नाहीत?”

“नाही.”

“आणि जमीन?”

“दहा वर्षं. डॉक्टर म्हणाले बाराही.”

“स्ट्रॉबेरी नाही.”

“स्ट्रॉबेरी नाही.”

दिराने मान हलवली, दुकानदाराने भाव सांगितल्यावर हलवतात तशी. मग म्हणाला, “तुम्हाला कधी कळलं?”

ती गप्प राहिली असती तर त्याने पुन्हा विचारलं नसतं. तसा तो माणूस नव्हता.

“सोमवारी,” ती म्हणाली.

जावेच्या हातावरून पाणी फरशीवर पडत होतं. दिराने बोटं मोजली नाहीत, पण मंगळवार, बुधवार आणि जिना त्याच्या चेहऱ्यावरून गेलेले तिला दिसले.

“बसा वहिनी,” शेवटी तो म्हणाला. “दमून आला असाल. हिला चहा टाकायला सांगतो.”

आवाज नेहमीचा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. जावेने चहा आणला. कप तिच्या हातात दिला नाही, स्टुलावर ठेवला. त्या दिवसापासून दिराने तिला शेतातलं काही विचारलं नाही. बाकी सगळं विचारायचा. गॅस आला का, गुडघा कसा आहे.

शुक्रवारी समिती बसली. मोजणीबाईला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, गरज पडली तर बोलवू म्हणून. गरज पडली नाही. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. नमुने प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं होतं. निकाल सहा आठवड्यांनी. निकाल येईपर्यंत शिफारस कायम, कारण छापील अहवाल तोंडी माहितीवर मागे घेता येत नाही.

“उद्याचं रोपांचं वाटप?” तिने विचारलं.

“ठरल्याप्रमाणे,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. ते वाईट नव्हते. फक्त त्यांना संघ राखायचा होता, जसं तिला दोन्ही राखायचं होतं.

“मी दिराला सांगितलं काल.”

“मला वाटलंच,” ते म्हणाले, आणि खाली उतरले.

शनिवारी मातृरोपांचं वाटप. हंगाम संपताना शेतकरी पन्नास-पन्नास रोपांचे ट्रे नेतात आणि त्यांच्यापासून उन्हाळाभर आपापली रोपं करतात. शेडच्या दाराशी टेबल, टेबलावर रजिस्टर, पलीकडे मोजणीबाई. मागे कोपऱ्यात सात नंबरचे थोडे ट्रे, आणि पुढे चार नंबरचे एकावर एक रचलेले, पानं तुकतुकीत. त्या वयात त्यांच्यात काहीच दिसत नाही. खतमामा ट्रे उचलून द्यायला होता. त्याला तिने सकाळीच सांगितलं होतं आणि त्याने पहिल्यांदाच विनोद केला नव्हता.

पहिला आला तो रुंद खांद्यांचा बागायतदार, तिच्या ओळखीचा, बायकोसह.

“सहा ट्रे,” तो म्हणाला. “चार नंबर.”

“चार नंबर नेऊ नका,” मोजणीबाई म्हणाली. “सात न्या. आंबट आहे, पण मरत नाही.”

“का? चारला काय झालं?”

“मुळाला रोग आहे. जमीन बाद होते.”

त्याने खिशातून अहवाल काढला. घडीवर फाटलेला, म्हणजे बऱ्याचदा वाचलेला. “यात तर मर शून्य लिहिलीय. तीन वर्षं शून्य.”

“ते चुकलंय.”

“कुणी मोजलं होतं?”

“मी.”

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. बायको हसली, अगदी समजूतदारपणे. “तुमच्या दिरांकडे चार नंबरच आहे ना हो, ताई? अख्खा एकर?”

“आहे.”

“तुम्हीच सांगितलंत ना त्यांना, टाका म्हणून?”

“मीच सांगितलं.”

“मग झालं,” बागायतदार म्हणाला. त्याचा सूर भांडणाचा नव्हता. भाजीवाल्याने मागे ठेवलेली जुडी आपल्याला दिसली आहे, एवढंच सांगणाऱ्या माणसाचा होता. “घरच्यांना चार आणि आम्हाला सात, असं करू नका बाई. मागे ट्रे भरपूर दिसताहेत.”

“अहो, जाऊन बघा त्यांच्या शेतात. खालची रोपं बघा.”

“बघितली. काल रस्त्यावरून जाताना बघितली. टवटवीत आहेत चांगली.”

ते खरं असणार. औषध ओतून दुसराच दिवस होता.

मागे रांगेत अकरा जण उभे होते. कुणीतरी म्हणालं, आवरा लवकर, ऊन चढतंय. बागायतदाराने रजिस्टर स्वतःच वळवून घेतलं, सहा लिहिलं आणि सही केली. खतमामा जागचा हलला नाही. तेव्हा त्या माणसाने बायकोला खूण केली, दोघं टेबलाच्या बाजूने आत आले आणि एकेक ट्रे उचलून गाडीत ठेवू लागले, पानं मोडू नयेत म्हणून फार जपून.